नदीचं काम

नार्व्याच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते.
सतरा डोकी, आणि तोंडं सोळा,
असं मी बरेच दिवस म्हणायचे.
सतरावी दिशिका.
हजेरीला ती पेन्सिल वर करते.

जूनपासून मी तिला विचारत आले,
आवडता सण कोणता, घरी कोण कोण असतं,
आणि उत्तर यायच्या आत
पुढच्या बाकाकडे वळत आले.
प्रगतिपुस्तकात 'तोंडी' नावाचा एक रकाना असतो.
तिच्या नावापुढे मी टिंब ठेवलं होतं.
क नाही, ड नाही. टिंब.

मग एकदा पुस्तकं मिटायला लावली.
खडूने फरशीवर दोन काठ ओढले,
अलीकडे नार्वे, पलीकडे दिवाडी,
मधे दोन बाकांची फेरीबोट.
कामं वाटताना जी मारामारी झाली
ती पंचायतीच्या निवडणुकीतही होत नाही.
रोहिदासला कप्तान व्हायचं होतं, गिरिजेशलाही.
शेवटी गिरिजेश पोदेर झाला,
पट्टीचं हँडल धरून पों पों करत
उंडे विकत सुटला.
अन्विता मासळीच्या भावावरून अशी भांडली
की तिची आई मला न बघता कळली.
बसम्मा कन्नडात मोजत होती,
मराठीत सुट्टे मागत होती.
लिंग, वचन, जोडाक्षरं,
सगळी एकमेकांच्या अंगावर सांडलेली.
मी तांबडं पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

उरली दिशिका.
तू नदी हो, मी म्हटलं,
नदीला काही बोलायचं नसतं.
(सोय म्हणून बोलले.
तिची की माझी, ते विचारू नका.)

ती दोन रेघांच्या मधे जाऊन बसली,
निळा स्कर्ट नीट पसरून.
रोहिदासच्या गालांतून भोंगा वाजला, फेरी सुटली,
आणि नदी उठून उभी राहिली.

"राव. उदक ना. सुकती."

पोदेर थांबला. पाटीतली मासळी थांबली.
कप्तान म्हणाला, "न्हंय उलयना."
"उलयता," ती म्हणाली, "म्हजो पपा आयकता."

'मराठीत सांग' हे दोन शब्द
माझ्या जिभेच्या टोकावर आले होते.
कशी कोण जाणे, गिळले.

मग ती बोलतच राहिली.
काल अमास झाली,
अमाशेची सुकती खोल जाते,
अष्टमीक उदक आळशी.
पपा खुबे काढायला उतरतो तेव्हा
चिखल आधी पायाला सांगतो, मग डोळ्यांना.
फेरी रेवेंत बसतली,
मागीर तुमी सगळीं चलत वचात.
"माझी मासळी कुसेल!" अन्विता ओरडली.
"बर्फ घाल," नदी म्हणाली.
आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू,
"आयज सांजेक पळय, टीचर."

घंटा झाली. सगळे पावभाजीकडे पळाले.
नदीने स्कर्ट झाडला, खडू झाडला,
आणि रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

ही गोष्ट असती तर दुसऱ्या दिवशी
ती 'हजर' म्हणाली असती.
नाही म्हणाली. पेन्सिलच वर केली.
मी मात्र पेन्सिल खाली येईपर्यंत
पुढचं नाव घेतलं नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं.
त्या संध्याकाळी घरी जाताना
आमची फेरी खरंच काठापासून हातभर अलीकडे
घसटून बसली.
इंजिन बंद. पाण्याला चिखलाचा वास.
मागे एक स्कूटरवाला हॉर्न वाजवायला लागला,
जसा काही हॉर्नने समुद्र लवकर येतो.
मी पिशवीतून प्रगतिपुस्तकं काढली.
टिंब म्हणजे वाक्य संपलं, हे मीच शिकवते.
तिच्या टिंबापुढे
आणखी दोन टिंबं दिली.

स्कूटरवाला अजून वाजवतच होता.